मुलीकडचे

आबेरच्या लग्नाची बोलणी पहिल्याच प्रश्नाला अडकली. प्रश्न अवघड नव्हता. देशाच्या उत्तरेकडच्या आमच्या अचोली मुलखात कुठल्याही बोलणीत तो पहिलाच असतो आणि त्याचं उत्तर शेंबड्या पोरालाही पाठ असतं: मुलीचं कूळ कोणतं?

विचारला होता मुलाच्या थोरल्या काकांनी, ओब्वोनांनी. मुलगा ओयेत मोटरसायकलवर भाडी मारतो, त्याला बाप नाही, म्हणून काका पुढे. प्रश्न विचारून त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते छपराकडे बघत बसले. छपराचं गवत नवं होतं. बोलणीसाठी लान्येरोने मुद्दाम शाकारून घेतलं होतं.

लान्येरो ही मुलीची आई. ती दारापाशी चटईवर बसली होती. तिने आपल्या भावाकडे पाहिलं. भावाने शेंगदाण्यांच्या टोपलीकडे पाहिलं.

"सरकार," लान्येरो म्हणाली.

"काय?"

"मुलीचं कूळ. सरकार."

ओब्वोना हसले नाहीत. ते तसे कशालाच हसत नाहीत. "राहतं कुठे हे कूळ?"

"राजधानीत. पण लढाईत इथंच होतं की. छावणीच्या फाटकाशी."

यापुढे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या झोपडीत तिशीच्या वरचा जो तो छावणीत राहिलेला होता. लढाईच्या काळात सरकारने आमची गावं रिकामी करून आम्हाला छावण्यांत आणलं, बंडखोरांपासून आमचं रक्षण व्हावं म्हणून. आणि छावणीचं रक्षण व्हावं म्हणून फाटकाशी सैनिक ठेवले. लान्येरो एके दिवशी फाटकाबाहेर सरपणाला गेली होती. रक्षण करणारे तिघे होते. ती एवढंच सांगते, आणि इतक्या वर्षांत तिला कोणी जास्त विचारलेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात आबेर झाली. आबेर म्हणजे चांगली. नाव ठेवताना लान्येरोने कोणालाही विचारलं नव्हतं.

"रागावू नका, आबेरच्या आई," ओब्वोना म्हणाले. "त्यांच्यात आपल्याकडची पोरंही भरती झाली होती. माझ्या चुलत्याचेच दोघं त्या गणवेशात होते. उद्या मुलगी आमच्याच रक्ताची निघाली तर ओयेतची बहीण लागेल."

"त्यांची तोंडं मला आठवतात."

"तोंडावर कूळ लिहिलेलं नसतं."

"बोलत होते ते स्वाहिलीत."

"बराकीत सगळेच स्वाहिली बोलतात. आमचा ओकुमू तर सुट्टीवर यायचा तेव्हा झोपेतसुद्धा स्वाहिलीतच शिव्या द्यायचा."

मुलाकडच्या दोघांनी ओकुमूच्या आठवणीने हळूच हसून घेतलं. ओब्वोना थांबले, आणि मग त्यांनी निकाल दिल्यासारखं सांगितलं, "आम्हाला मोठं कूळ नको. चांगलं कूळ तर नकोच, आम्ही कुठले मोठे लागून गेलो. आमचं नाही, एवढं कळलं की पुरे. पण ते ज्यांचं आहे त्यांनी येऊन सांगायला पाहिजे. बाईमाणसाने बापाचं कूळ सांगायचं, अशी पद्धत नाही."

मग सगळ्यांनी पोटभर जेवण केलं. नाचणीचा घट्ट गोळा होता आणि तिळाशेंगदाण्याच्या कुटातली आंबट पालेभाजी होती. पाहुण्यांनी भाजीचं कौतुक केलं, दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि ते गेले. लग्न मोडलं असं कोणीच म्हणालं नाही. आमच्याकडे लग्न मोडत नाही, थांबतं. थांबलेल्या लग्नांतले काही नवरेमुलगे आता आजोबा झालेले आहेत, फक्त दुसऱ्याच बायकांच्या नातवंडांचे.

मी तिथे होतो तो शेजारी म्हणून. पण मी उपजिल्हा कचेरीत सामुदायिक विकास अधिकारीही आहे. पदाच्या नावात समुदाय आहे, विकास आहे आणि अधिकारही आहे. कचेरीत एक टेबल आहे. त्याआधी पाच वर्षं शाळेत शिकवत होतो, म्हणून गाव अजून मास्तर म्हणतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लान्येरो त्या टेबलासमोर येऊन बसली.

"मास्तर, सरकारला बोलवायचंय."

"कशाला?"

"बोलणीला."

मी तिला पाणी दिलं. काय बोलावं ते सुचलं नाही की मी पाणी देतो. विकासाची तेवढी एक योजना आमच्याकडे नियमित चालते.

"अहो आबेरच्या आई, सरकार असं बोलणीला येत नसतं."

"का? पाय नाहीत?"

"तसं नाही. ज्यांनी केलं ती माणसं होती. ती आता कुठे असतील, जिवंत तरी असतील का..."

"माणसं कोण मागतंय? मला त्यांची तोंडंसुद्धा बघायची नाहीत." ती पुढे सरकली. "ओतीमच्या पोराने गुरांच्या भांडणात त्या पलीकडच्या गावच्याचं डोकं फोडलं, तेव्हा पोरगं पळून गेलं होतं. गेलं ना? मग कोण आलं? कूळ आलं. त्यांचे म्हातारे आले, माना खाली घालून बसले, 'आमच्या पोराने केलं ते आम्ही केलं' म्हणाले, आणि गुरं देऊन गेले. तुम्हीच मधे बसला होतात. भाजलेलं मटणही खाल्लंत."

"खाल्लं."

"मग यांचे म्हातारे कुठायत?"

"सरकार म्हणजे कूळ नव्हे," मी म्हणालो.

"तुमच्या पाटीवर पक्षी आहे. जिल्ह्याची गाडी येते तिच्या दारावर तोच पक्षी. त्या तिघांच्या टोप्यांवरही तोच. सगळे एकच पक्षी लावून फिरतात, एकाच घरचं खातात, एकाने केलं तर दुसरा झाकतो. याला कूळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

मी कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं होतं. राज्य म्हणजे काय यावर आम्हाला एक अख्खी सहामाही होती. इतक्या थोडक्यात कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

"तुम्हाला नक्की काय हवंय त्यांच्याकडून?"

तिने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. "यायचं. चपला काढायच्या. आमच्या माणसांनी हे केलं म्हणायचं, आणि ती माणसं कुठली होती ते सांगायचं. मग पोरीचं लग्न होईल. नाही आले तर ती माझ्यासारखीच राहील, चुलीपाशी."

मी राजधानीला पत्र लिहिलं. कूळ हा शब्द टाळला, पक्ष्याचाही उल्लेख केला नाही. त्या वर्षी आमच्या छावणीवर कोणती तुकडी होती आणि तिच्यात कुठली माणसं होती, एवढंच विचारलं. उत्तर आलं की पत्र मिळालं. मी पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की ही माहिती संवेदनशील आहे. लान्येरोला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "माहितीला दुखतंय होय?" आणि गेली. ओयेत दर रविवारी मोटरसायकल तिच्या अंगणासमोरून हळू न्यायचा. काकांच्या परवानगीशिवाय थांबता येत नाही, पण हळू जायला कोणाची ना नव्हती.

मग कोरड्या दिवसांत मंत्रालयातून फोन आला. धोरण मंजूर झालं होतं. लढाईच्या काळात ज्या स्त्रियांना त्रास झाला त्यांचा सन्मानपूर्वक पुनर्स्वागत समारंभ प्रत्येक उपजिल्ह्यात करायचा होता. धोरणात स्थानिक परंपरांचा आदर करावा असं एक कलम होतं. सरकारला स्थानिक परंपरा फार आवडतात, कारण त्यांना निविदा काढावी लागत नाही.

परंपरा कोणती, हे आमच्या कुळप्रमुख लाबेजांनी आधीच राजधानीत जाऊन सांगून ठेवलं होतं. जाण्यायेण्याचं भाडं मंत्रालयाने दिलं होतं. परंपरा अंड्याची. आमच्याकडे माणूस बरेच दिवस परमुलखात राहून आला, तुरुंगातून आला, लढाईतून आला, की घरात शिरण्याआधी वेशीवर दोन फाटे फुटलेल्या काटकीत कच्चं अंडं ठेवतात आणि तो अनवाणी पायाने ते फोडतो. बाहेरून पायाला जे काही चिकटून आलं असेल ते तिथेच राहतं. मग आत यायचं, पाणी प्यायचं, झालं.

"अंडंच का?" मंत्रालयाने विचारलं होतं म्हणे.

"स्वच्छ असतं," लाबेजा म्हणाले होते. "आणि त्याला तोंड नसतं."

हे दुसरं कारण मंत्रालयाला पटलं.

बायकांची यादी गुप्त ठेवायची होती. म्हणून ती फक्त मला, लाबेजांना, मंडपवाल्याला आणि स्वयंपाक करणाऱ्यांना दिली. यादीत पहिलं नाव तेरेझा आजीचं होतं. लान्येरोचंही होतं. मी तिला सांगायला गेलो तेव्हा वाटलं होतं ती चिडेल.

"ते येतायत ना?" तिने एवढंच विचारलं.

"एक उपसचिव येतायत."

"त्यांच्यातले म्हातारे आहेत का?"

"वयाने नसतील. पगाराने असतील."

"चालतील," ती म्हणाली, आणि संध्याकाळी स्वतः चालत जाऊन ओब्वोनांना निमंत्रण देऊन आली.

समारंभ उपजिल्ह्याच्या मैदानावर होता. पांढरा मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, सोड्याचे क्रेट. उपसचिव ब्यारुहांगा साहेब दोन गाड्या घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. दक्षिणेचा होता, आमची भाषा त्याला येत नव्हती, पण सकाळी ड्रायव्हरकडून 'बरं आहे ना?' एवढं शिकून आला होता आणि ते प्रत्येकाला म्हणत होता. भाषांतराला मी होतो.

त्यांचं भाषण छापील होतं. "अशा घटना घडल्या याचा राज्याला खेद आहे," त्यांनी वाचलं. मी ते आमच्या भाषेत सांगितलं. पण आमच्या भाषेत घटना घडल्या असं म्हटलं की ऐकणारा 'कोणी केलं?' असं विचारतोच. तसं मागच्या रांगेतून दोघींनी विचारलंही.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"कोणी, असं विचारतायत."

साहेबांनी कागद वरखाली करून पाहिला. त्यात ते नव्हतं. मग ते म्हणाले, आपण मुख्य कार्यक्रमाकडे वळू या.

मंडपाच्या दाराशी काटकीत अंडं ठेवलं होतं, शहरातलं, मोठं, पांढरंशुभ्र. तेरेझा आजीला दोघींनी धरून आणलं. लाबेजांनी मंत्र म्हटल्यासारखं काहीतरी म्हटलं. आजीने पाय उचलला आणि ठेवला. अंडं फुटलं नाही. ते काटकीतून सटकलं, चपटं झालं आणि तिच्या टाचेखालून एका बाजूने पिवळं दिसायला लागलं. आजीने वाकून पाहिलं.

"शिजवलंय!" ती ओरडली.

मैदान हसलं. ज्या बायका सकाळपासून मान वर करत नव्हत्या त्याही हसल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून. ड्रायव्हर पुढे झाला आणि त्याने खुलासा केला की शहरापासून इथपर्यंतचा रस्ता बघता अंडी कच्ची आणली असती तर वाटेतच परंपरा संपली असती, म्हणून राजशिष्टाचार विभागाने सगळी उकडून दिली.

"फरक पडतो का?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

मी लाबेजांना विचारलं. लाबेजांनी एक अंडं हातात घेऊन कानाशी हलवलं. भाड्याचे पैसे देणाऱ्याला दुखवायचं नव्हतं, तरी परंपरेपुढे त्यांचाही इलाज नव्हता. "साहेबांना सांगा," ते म्हणाले, "उकडलेल्या अंड्याला मीठ लागतं."

मीठ कुठूनतरी आलंच. बाकीची अंडी मंडपात वाटली गेली. तेवढ्यात लान्येरो उठून रस्ता ओलांडून आपल्या घरी गेली. मला वाटलं, ती गेली ती गेलीच. पण ती परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत एक अंडं होतं. गावठी कोंबडीचं, लहान, तपकिरी. खुडूक कोंबडीखालून काढलं असावं, कारण तिच्या मनगटावर चोच मारल्याची ताजी खूण होती.

तिने काटकी उचलली. लाबेजा म्हणाले, "इथे ठेव, आबेरच्या आई, दारात. पहिला मान तुझा."

तिने काटकी नेऊन ब्यारुहांगा साहेबांच्या खुर्चीपुढे ठेवली आणि तिच्यात अंडं बसवलं.

"अगं इकडे!" लाबेजा म्हणाले. "पाय तुला ठेवायचाय."

"मी कुठे गेले होते?" लान्येरो म्हणाली.

लाबेजांनी दाराकडे केलेला हात खाली घेतला.

"मी इथंच होते, लादित, तुम्ही वडीलधारे, तुम्हाला ठाऊक आहे. तेरेझा आजी इथंच होती. आम्ही कुठल्या परमुलखातून आलोय? बाहेरून आले ते हे. तेव्हाही आले, तसेच आत शिरले, पाय न धुता. आता पुन्हा आलेत." तिने माझ्याकडे पाहिलं. "सांगा त्यांना, मास्तर. घाई नाही."

मी सांगितलं. शब्दाला शब्द. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खरं सांगायचं तर त्यांनी लगेच वाकून बूट काढायला सुरुवात केली. एक बूट आणि एक मोजा निघाला. मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं.

"मला एक फोन करावा लागेल," ते म्हणाले.

मंडपाच्या मागे उभं राहून त्यांनी कायदा सल्लागाराला फोन केला. एक पाय अनवाणी होता, जमीन तापलेली होती, त्यामुळे ते एका पायावर बोलत होते. मी भाषांतरकार म्हणून शेजारी उभा होतो, जरी तिथे भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

"अंडं," साहेब म्हणाले. "नाही, अंडं. कोंबडीचं... पायाने... नाही, हल्ला नाही केलेला, ठेवलंय फक्त... त्याचा अर्थ कबुली असा होतो का, ते विचारतोय."

पलीकडे बराच वेळ पुस्तकं उघडल्याचा आवाज येत होता. राज्याने अंड्यावर पाय ठेवण्याला पूर्वीचा दाखला नव्हता. दाखला नाही म्हणजे हाच दाखला झाला असता, आणि मग प्रत्येक जिल्ह्याने एकेक अंडं आणून ठेवलं असतं. शेवटी तोडगा निघाला. साहेब परत आले, मंडप शांत झाला.

"मी पाय ठेवायला तयार आहे," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना स्वतःलाही बरं वाटलं होतं. "मात्र खाजगी व्यक्ती म्हणून."

मी सांगितलं. खाजगी हा शब्द आमच्या भाषेत नाही. मी म्हटलं, ते एकटे म्हणून ठेवतील, त्यांच्या लोकांच्या वतीने नाही.

लान्येरोने त्यांच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. अनवाणी पायाकडे, मग चेहऱ्याकडे.

"या पोराने माझं काय केलंय?" ती म्हणाली. "त्याला म्हणावं बूट घाल, पाय भाजतोय. याच्याशी माझं भांडण नाही. मला त्याचं कूळ पाहिजे."

हे साहेबांना सांगितल्यावर ते खुर्चीत बसले. त्यांनी बूट घातला नाही. दोन्ही बाजूंनी अडकलेल्या माणसासारखे ते अंड्याकडे बघत राहिले. यादीतल्या बायका मंडपाच्या दारातून सरकून लान्येरोच्या मागे येऊन बसल्या होत्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं.

अशा वेळी ओब्वोना उठले. त्यांच्या हातात अर्धं उकडलेलं अंडं होतं. ते त्यांनी आधी संपवलं, हात पुसले, आणि बोलणीत बसल्यासारखा आवाज काढला.

"मास्तर, साहेबांना माझा एकच प्रश्न. त्यांची ती फाटकाशी असलेली माणसं, त्यांच्यात आमच्याकडची पोरं होती का? ओकुमू आणि त्याचा भाऊ कुठे होते ते मला कोणी सांगितलेलं नाही. तेवढं कळलं की मी घरी जातो."

मी विचारलं. साहेबांना हा प्रश्न सोपा वाटला. आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांत हा पहिलाच असा होता ज्यात कोणी त्यांच्यावर काही ठेवत नव्हतं. उलट त्यांना वाटलं, या म्हाताऱ्याला भीती आहे की आळ गावच्या पोरांवर येईल. त्यांना त्याची काळजी दूर करायची होती. ते पुढे वाकले आणि अगदी मनापासून म्हणाले, "नाही नाही, तुम्ही निश्चिंत राहा. मी फाइल पाहिली आहे. त्या तुकडीत या भागातला एकही माणूस नव्हता. ती दक्षिणेत उभी केलेली तुकडी होती. सगळे आमच्याकडचे होते."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि क्षणभर तसंच ठेवलं. मग केलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

सोड्याच्या बाटलीत कुठेतरी नळी वाजली आणि थांबली.

"सगळे त्यांच्याकडचे," ओब्वोनांनी पुन्हा म्हणून पाहिलं. "आमच्यातलं कोणी नाही."

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे हे मुलीकडचे."

साहेबांनी माझ्या बाहीला हात लावला. "काय म्हणतायत?"

"तुम्ही मुलीकडचे, असं म्हणतायत."

"कोणत्या मुलीकडचे?"

मी दाखवली. आबेर पाण्याचा घडा घेऊन मंडपाच्या खांबाशी उभी होती. सकाळपासून ती सगळ्यांना पाणी देत होती, साहेबांनाही दोनदा दिलं होतं. आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर तिने घडा खाली ठेवला. आमच्याकडे मुली वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकतात, त्यात विशेष काही नाही. ती पुढे आली आणि तिने गुडघे टेकून हात पुढे केला. साहेब उठून उभे राहिले. एक बूट घातलेला, एक नाही. त्यांना सगळं कळायला थोडा वेळ लागला आणि कळलं ते मला दिसलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि आमच्या भाषेतलं जे एकच वाक्य त्यांना येत होतं ते म्हणाले.

"बरं आहे ना?"

"बरं आहे," आबेर म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. सल्लागाराचा होता. साहेबांनी आबेरचा हात सोडला आणि पाठ फिरवली. "नाही, ठेवला नाही," ते म्हणाले. "नाही... नाही, मी काही बोललो नाही."

ओब्वोना मात्र मोकळे झाले होते. त्यांनी तिथल्या तिथे लान्येरोच्या भावाला गाठलं आणि ते कापणीनंतरच्या दिवसांबद्दल बोलू लागले. भाऊ लगेच गुरांच्या संख्येवर आला. मुलीला कूळ देताना तो गप्प होता, गुरं घेताना त्याला सगळी नाती आठवली. ओयेत मैदानाच्या कडेला मोटरसायकलवर बसून होता. कोणीतरी त्याला हाक मारली, आणि पळत येताना तो मंडपाच्या दोरीला अडखळला.

साहेब निघायच्या तयारीत होते. दुसरा बूट त्यांनी गाडीत बसून घालायचं ठरवलं असावं, कारण तो त्यांच्या हातात होता. गाडीकडे जायची वाट खुर्चीपुढून होती आणि खुर्चीपुढे अंडं होतं. ते अंड्याला वळसा घालून गेले, अगदी काळजीपूर्वक, लहान पावलं टाकत. सगळे बघत होते.

लान्येरो गाडीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. दारावरच्या पक्ष्याच्या शेजारी.

"पोरीचं झालं," ती मला म्हणाली. "तोंडाने म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं. आता माझं राहिलंय. माझं आणि या सगळ्यांचं. विचारा."

मी विचारलं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही, बुटाकडे पाहिलं. "सांगा तिला," ते म्हणाले, "मी हे वरिष्ठांना कळवेन. खरंच कळवेन. विषय कायदा विभागाकडे जाईल, तिथून मंत्रिमंडळाकडे. पुढच्या आर्थिक वर्षात काहीतरी होईल."

"कधी येणार म्हणतायत?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी. कदाचित."

लान्येरो मागे गेली, तिने काटकीतून अंडं काढून घेतलं, पदराने पुसलं आणि परत आली. गाडी सुरू झाली होती. काच अर्धी खाली होती.

"त्यांना सांगा, मास्तर," ती म्हणाली, "अंडं तोवर राहायचं नाही. पण कोंबडी आहे."

मी सांगितलं. साहेबांनी मान हलवली, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाले, आणि काच वर गेली.